आदी वीतभर

त्याचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि माझा त्याच्यावर नव्हता. तरी सहा वर्षं आम्ही एकाच साखळीच्या दोन टोकांना काम केलं. वरच्या टोकाला तो, खालच्या टोकाला मी, मधे दगड.

माझी शाळा तिसरीपर्यंत. तेवढ्यावर लिहितोय. कुणाला अक्षर वाचवत नसेल त्यानं वाचू नये. त्याचं नाव मात्र लिहिणार नाही. कागदावर नाव घातलेलं त्याला खपत नव्हतं. हजेरीच्या वहीत अंगठा मारतानासुद्धा मुकादमाला विचारायचा, "ह्ये पुढं कोन वाचतंय?" आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. इथंही मिस्त्रीच म्हणतो.

एकोणीसशे तीसच्या पुढचीमागची गोष्ट. होटगीच्या पुढं, वळसंगच्या बाजूला, काळ्या दगडाची खाण होती. पुलांच्या खांबांना लागणारे मोठे दगड तिथनं निघायचे. सुरुंगानं खडक सुटा करायचा, छिन्नीनं त्याचा चौकोन काढायचा, आणि यारीनं उचलून वर रुळांवर उभ्या असलेल्या मालगाडीच्या वाघिणीत ठेवायचा. यारी म्हणजे वाफेवर चालणारं, रुळांवरनं सरकणारं लोखंडी जनावर. पाठीवर बायलर, पुढं लांब मान, मानेवरनं खाली सोडलेला तारेचा दोर, दोराच्या टोकाला आकडा आणि आकड्याला साखळी. ती साखळी दगडाला आवळायचं काम माझं. माझ्या आधी माझ्या चुलत्याचं. म्हणजे आमच्या घरात ते काम होतं म्हणा की.

मिस्त्री पहिल्या दिवशी आला तो पहाटेचा. डोक्याला पांढरा फडका, अंगात कोट, कोटाला आतनं शिवलेला खिसा. आम्ही जमलो तर हा बाबा यारीभोवती हिंडतोय. तेही उलटं, देवळाला कुणी घालत नाही तसं. हातात एक लहान हातोडी. वाकून साखळीच्या एकेका कडीवर टिचकी मारल्यासारखी मारायचा आणि कान लावायचा. कडी "टण्ण" वाजली की पुढं. मग खिशातनं धोतराची चिंधी काढली आणि तारेच्या दोरावरनं खालपासनं वरपर्यंत फिरवली. मी चुलत्याच्या कानात म्हणालो, "हे बेनं मंतर टाकतंय काय?"

मग त्यानं पाटीभर चुन्याची फक्की आणवली आणि यारीची मान जिथवर फिरते तिथवर जमिनीवर पांढरं रिंगण काढलं. आता तर माझी खात्रीच पटली. उलटी प्रदक्षिणा, चिंधी आणि रिंगण, तिन्ही जमलं. लिंबू तेवढं राहिलं होतं.

"ह्ये काय, मिस्त्री?" मी विचारलं.

"यारीचं घर."

"आनि आमी?"

"तुमी तिच्या घराच्या भाईर ऱ्हायाचं. दगड वर असताना आत आला त्यो तिचा."

खडी वाहणाऱ्या बायकांत यल्लव्वा म्हणून एक होती. माझ्या आईच्या वयाची, जीभ छिन्नीसारखी. ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "मिस्त्रीबाबा, लगीन झालंया का तुमचं?"

"न्हाय."

"तरीच. यारीलाच घर बांधून दिलंसा."

सगळे हसले. तो हसला नाही. तिच्या डोक्यावरच्या पाटीकडं बघून म्हणाला, "तुजी चुंबळ सुटाय आलीया." आणि खरंच ती सुटत आली होती.

रोज सकाळी हेच. पाऊस असो, थंडी असो, आदल्या दिवशी रात्र पडेपर्यंत काम झालेलं असो. कडी, कडी, कडी. चिंधी, दोराची तुटकी तार अडकतीय का बघायला. बायलरच्या पाण्याची काच. ब्रेक. मग रिंगण. त्याशिवाय बायलरमधे काडी पडायची नाही. मुकादम चिडायचा. "अरे, काल समदं नीट हुतं की!"

"काल नीट हुतं म्हंजे काल नीट हुतं," मिस्त्री म्हणायचा.

हे वाक्य मी सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा राग यायला लागला होता. माणसानं काहीतरी धरून चालावं का नाही? आजच्या दिवसानं कालच्यावर जरा तरी भरवसा टाकावा का नाही? पण हा भाकरीसुद्धा मोडायच्या आधी उलटी करून बघायचा. बाजेवर बसायच्या आधी सुंभ ओढायचा. कुणी चहाचा कप दिला तर त्याचा कान हलवून बघायचा, बसलाय का सुटलाय.

दुपारी भाकरी खायला बसताना वाफ सोडायचा दांडा तो यारीवरनं उपसून घेऊन यायचा आणि फडक्यात भाकरीशेजारी ठेवायचा. यल्लव्वा विचारायची, "कालवन कमी पडलंया का? त्यो दांडाबी खातासा?" तो म्हणायचा, "हितं दांडा हाय म्हंजे तितं यारी मेलीया. जित्या यारीकडं पाठ करून जेवत न्हाय मी."

माझा संशय मंतराचा होता तो पुढं गेला. पण संशय गेला नाही, जागा बदलली. मला वाटायला लागलं हा साहेबाचा माणूस. आमच्यावर नजर ठेवायला ठेवलेला. कारण तो सगळ्यांकडं बघत असायचा. दगड उचलताना माझा हात सोडून दुसऱ्या कुणाचाही इशारा तो घेत नव्हता. एकदा मुकादमानं स्वतः हात वर केला, "उचल!" मिस्त्री हलला नाही.

"मी कोन हाय?" मुकादम ओरडला.

"तुमी मुकादम. साखळी त्यानं घातलीया. उचल म्हनायचा हात एकच. थांब म्हनायला कुनीबी चालतंय. कुत्रं आडवं आलं तरी थांबीन."

आणि एकदा खरंच कुत्रं आडवं आलं. दगड अधांतरी, वर वाघिणी भरायच्या खोळंबलेल्या, आणि रिंगणात शिरून यल्लव्वाचं पिवळं कुत्रं अंग खाजवत बसलेलं. मिस्त्री थांबला. कुत्रं उठेपर्यंत थांबला. कानडी मुलखाकडनं आलेला म्हणून त्याच्या तोंडात एक शब्द होता, "ताळ." म्हणजे थांब, दम धर. तेवढाच कानडी मला त्याच्याकडनं आला. "ताळ, ताळ," म्हणत बसला कुत्र्याकडं बघत.

पण त्याची खरी खोड होती वीतभराची. साखळी घातली, मी बाजूला झालो, हात वर केला, की तो दगड एक वीत उचलायचा. वीतच. वाफ तोडायचा, पायानं ब्रेक दाबून धरायचा आणि नुसता बघत बसायचा. तंबाखू मळून होईपर्यंत दगड तसाच लोंबकळत. साखळी सरकतीय का, ब्रेक धरतोय का, दगड कलतोय का. मग वर. दिवसात वीस दगड असले तर वीस वेळा. "आदी वीतभर," म्हणायचा. "वीतभरावरनं पडला तर आवाज हुतो. पुरुसभरावरनं पडला तर रडनं हुतं."

मी म्हणायचो, "मिस्त्री, साखळी मी घातलीया. माज्या हाताची."

"म्हनून तर," तो म्हणायचा. "दगड सोयरीक बगत न्हाय."

हे मला लागायचं. माझ्या हाताची गाठ कधी सुटली नव्हती. अजून सुटत नाही.

माझ्या लग्नाला मात्र तो आला. वळसंगला मांडव घातला होता. पाहुणे बसायच्या आधी हा मांडवात शिरला आणि एकेक मेढ हलवून बघायला लागला. चौथ्या मेढीला लोंबकळलाच. मेढ आली खाली, तिच्याबरोबर आंब्याचा डहाळा आला तो थेट नवरीच्या मामाच्या फेट्यावर. माझे सासरे धावले.

"पाव्हनं, लगीन लावाय आलाय का मांडव मोडाय?"

"मोडायचाच असंल तर आदी मोडू द्या," मिस्त्री म्हणाला. "मानसं बसल्यावर नगं."

मेढ परत पुरली, दगड ठोकून. त्या संध्याकाळी असं वारं सुटलं की शेजारच्या आळीतला मांडव उडून विहिरीपाशी गेला. आमचा राहिला. बायको शेवटपर्यंत म्हणायची, मिस्त्रीनं आपलं लगीन धरून ठिवलं. मी म्हणायचो, वारं तिकडनं आलं, हिकडनं नव्हतं. कबूल कशाला करायचं?

एवढा संशयी माणूस का होतो, याचा मी लई विचार केला. आणि मग मीच एक गोष्ट उठवली की मागं कुठल्यातरी खाणीत याच्या हातून दगड सुटला आणि माणूस मेला. कुणी सांगितलं? कुणी नाही. मला वाटलं. मी एकाला सांगितलं, त्यानं दोघांना. आठ दिवसांनी तीच गोष्ट माझ्याकडं परत आली तेव्हा मेलेली माणसं तीन झाली होती आणि त्यातली एक बाई होती. ती त्याच्याही कानावर गेली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो कड्याच वाजवत होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दसऱ्यानंतर खाणीतनं जो पहिला दगड वर जायचा त्याला आम्ही सोन्याचा दगड म्हणायचो. त्याला आपट्याची पानं बांधायची, आणि साखळीवाल्यानं हातात नारळ घेऊन त्या दगडावर उभं राहून वर जायचं. हा साखळीवाल्याचा मान. यारी यायच्या आधी, माणसं हातरहाटानं दगड ओढायची तेव्हापासनं चालत आलेला. माझा चुलता असा सहा वेळा वर गेला होता. पागोटं बांधून. गावात सांगायचा, मी डोंगरावर बसून आकाशात गेलो.

मिस्त्री आला आणि मान बंद झाला. "दगडावर मानूस घेऊन उचलत न्हाय." बस्स. पाच दसरे गेले. मिस्त्री आला त्याच महिन्यात चुलता मेला आणि साखळी माझ्याकडं आली, तेव्हापासनं मी एकदाही वर गेलो नव्हतो. घरी बायको काही बोलायची नाही, पण भावकीत बोलायचे. "तुज्या काकानं मान कमावला, तू घालवलास."

सहाव्या वर्षी मिस्त्री दसऱ्याला सोलापुरात, भवानी पेठेत बहिणीकडं जाणार होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "खंडेनवमीला पूजा करा. हार धुराड्याला, कुंकू यारीच्या नावाच्या पाटीला. साखळीला, दोराला आनि वर चाकाला हात लावायचा न्हाय. यारीवर चढायचं न्हाय."

"देव काय नुसत्या पाटीवर बसतो व्हय?"

"देव कुटंबी बसंल. तू खाली ऱ्हा."

तो गेला, आणि मी मुकादमाकडं गेलो. मुकादम त्याच्यावर आधीच वैतागलेला. म्हणाला, यंदा तू दगडावरनं जा, मी हाय.

खंडेनवमीला मी पूजा केली ती अशी की खाणीत तशी कधी झाली नव्हती. छिन्न्या, पहारी, घण धुऊन मांडले. यारीला झेंडूचे हार घातले. घरनं करडीचं तेल आणलं होतं, त्यात शेंदूर कालवला आणि साखळी एकेक कडी करून माखली. अंगठ्यानं, आतनं बाहेरनं. मारुतीसारखी लाल झाली. बायकांनी हात जोडले.

तेल उरलं. पूजेचं तेल घरी परत नेत नाहीत. मी यारीवर चढलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं कधी चढू दिलं नव्हतं. वर दोर गुंडाळायचं मोठं चाक होतं आणि त्याच्यावर आवळणारा एक पट्टा. चाक आणि पट्टा, दोन्ही कोरडी ठणठणीत. आता गाडीबैल असलेल्या घरातला माणूस मी. गाडीचा आख कोरडा ठेवला तर बाप चाबकानं मारायचा. लोखंडाला लोखंड कोरडं घासतंय म्हटल्यावर हात तेलाकडं जाणारच. मला वाटलं, बघा, एवढं तपासतोय आणि चाकाला तेल नाही. ओतलं सगळं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री गाडीनं आला. गाडीला उशीर झाला होता. वाघिणी उभ्या होत्या, साहेब दुपारी ट्रॉलीवरनं यायचा होता. बायलर मुकादमानं पेटवून ठेवला होता, मिस्त्रीला न विचारता. आणि मी सोन्याच्या दगडावर साखळी आवळून, पागोटं बांधून, नारळ घेऊन उभा.

मिस्त्रीनं साखळी बघितली. हातोडी मारली. "थप्प." दुसरी कडी, "थप्प." तेलाशेंदरानं सगळ्या कड्यांचा आवाज बसला होता. त्याचं तोंड असं झालं जसं घरातलं माणूस बोलायचं बंद झालंय.

"ह्ये कुनी क्येलं?"

"मी," मी वरनं म्हणालो. "देवाचं हाय. पुसायचं न्हाय."

"पुसल्याबिगर वर न्हेत न्हाय."

मुकादम आला. "मिस्त्री, भरपूर झालं. वाफ झालीया, उचला."

मिस्त्री माझ्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं विचारलं. नीट, हळू, जसं लहान लेकराला विचारतात.

"त्याल कुटं कुटं लावलंस?"

"साखळीला."

"आनि?"

"आनि कुटं न्हाय."

"वर चढला हुतास?"

"न्हाय म्हनलं की. कितीदा इचारशील?"

बाकीचे बघत होते. यल्लव्वा बघत होती. दगडावर पागोटं बांधून उभ्या असलेल्या माणसानं सगळ्यांच्या देखत म्हणायचं, हो, तुम्ही नको म्हणालात तिथं मी चढलो? मला नाही जमलं.

तो यारीवर चढला. वाफेच्या दांड्याला हात घातला आणि म्हणाला, "खाली उतर. आदी वीतभर."

"मी उतरत न्हाय."

"मग मीबी उचलत न्हाय."

मी दगडावर बसलो. तो यारीवर बसला. मुकादम दोघांच्या मधे फिरायला लागला. शिव्या देऊन झाल्या, हात जोडून झाले. "ताळ," मिस्त्री म्हणायचा आणि तंबाखू मळायचा. वाफ वाढली की बायलर आपलं आपण फुसकारायचं आणि परत गप्प. आश्विनातलं ऊन. काळा दगड तव्यासारखा तापायला लागला. मी आधी मांडी घातली, मग उकिडवा बसलो, मग एका पायावर उभा राहिलो.

यल्लव्वा म्हणाली, "काय रं बाबा, उतर की. बूड भाजून भाकरी हुईल."

"तू गप बस, मावशे."

"मी गपच हाय. वास यायला लागला म्हनून बोलले."

माणसं हसायला लागली. मला हसली. घशाला कोरड पडली होती. तिची पाण्याची घागर रिंगणाच्या बाहेर, बाभळीखाली. मी ठरवलं, दोन घोट पाणी पिऊन परत चढायचं. उतरायचं नव्हतं, फक्त पाणी प्यायचं होतं. मी दगडावरनं उडी मारली, फक्कीची रेघ ओलांडली, ओंजळ पुढं केली. पाणी ओंजळीत पडलं आणि मागं यारी ओरडली.

त्यानं माझ्या हाताची वाट बघितली नाही. सहा वर्षांत त्या एकाच वेळी त्यानं इशाऱ्याशिवाय दगड उचलला. वीतभर. वाफ तोडली. ब्रेकवर पाय दिला.

दगड थांबला नाही. घसरला, आणि बसला. "धप्प." पायाखालची जमीन हलली. नारळ मी दगडावरच ठेवला होता, तो घरंगळून खडकावर फुटला.

कुणी हसलं नाही. मिस्त्री उठला, चाकापाशी गेला, पट्ट्यावरनं बोट फिरवलं आणि नाकाशी धरलं. मला तिथनं कळलं त्याला कशाचा वास आला ते. आमच्या घरच्या करडीचा. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. एवढंच.

साहेब त्याच वेळी आला. दगड खाली, वाघिणी रिकाम्या, माणसं उभी. त्यानं विचारलं काय झालं. मुकादम झटकन म्हणाला, मिस्त्रीनं ब्रेक नीट धरला न्हाय. माझ्याकडनं पाणी प्यायचं राहिलंच होतं. ओंजळ तशीच होती.

"ब्रेकला त्याल हाय," मिस्त्री म्हणाला.

"कुणी घातलं?"

मी वाट बघत होतो. तो नाव घेईल. घ्यायलाच पाहिजे होतं. मी तर त्याच्या नावावर तीन माणसं मारली होती.

"कुनी घातलं त्यो सवाल न्हाय, साहेब. रोज सकाळी ब्रेक बगायचं काम माजं. आज मी बगितला न्हाय. बगायच्या जागी मी इचारलं." आणि थोडं थांबून म्हणाला, "चूक माजी हाय. पुना इचारनार न्हाय."

साहेबाला त्यातलं फक्त "चूक माजी" एवढं पाहिजे होतं. मुकादमालाही. त्याला यारीवरनं काढलं.

मी गप्प राहिलो. मला अजून वाटतं, त्यानं ते मुद्दाम केलं. मला वाचवायला नाही. मला माझ्याच डोळ्यांत बारीक करायला. तसं असेल तर जमलं त्याला.

जायच्या आधी दोन दिवस तो खाणीवर होता, नवा माणूस येईपर्यंत. त्या दोन दिवसांत त्यानं राख आणि कढत पाण्यानं साखळी घासली. शेंदूर सगळा गेला. मी लांब उभा होतो. त्यानं मला हाक मारली.

"हिकडं ये. तुज्या द्येवानं काय दावलंय बग."

साखळीची एक कडी त्यानं उन्हाला धरली होती. स्वच्छ पोलादी कडी, आणि तिच्या वळणावर केसाएवढी लाल रेघ. पुसली तरी जाईना. शेंदूर आत गेला होता. म्हणजे कडी तिथं चिरलेली होती. इतकी बारीक की त्याच्या हातोडीला, त्याच्या कानाला, कधी कळली नव्हती.

"ही टण्ण वाजायची," तो म्हणाला. जणू कडीनं त्याला फसवलं होतं. "रोज वाजायची."

मग ती कडी बोटांत फिरवत बसला. मी मनात हिशेब करत होतो की त्या दिवशी मी दगडावर असतो, दगड वाघिणीच्या उंचीवर असता, ब्रेक तसा, कडी अशी. बोललो मात्र, "बगा, पूजा केली म्हनून दिसलं."

"व्हय," तो म्हणाला. "आनि पूजा केली म्हनून मेला असतास."

लोहाराकडनं ती कडी तोडून काढली, नवी बसवली.

होटगी स्टेशनावर त्याला पोचवायला मी एकटा गेलो. त्याची वळकटी मी उचलली होती. दोरी मीच बांधली होती, घट्ट. गाडीला वेळ होता. मला सांगायचं होतं की तेल मी घातलं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं की त्याला माहीत आहे, पण सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं.

"मिस्त्री, खरं सांगा. तुमच्या हातनं कोन मेलं हुतं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगणार. इतकी वर्षं ज्यासाठी कड्या ठोकल्या ते सांगणार.

"न्हाय," तो म्हणाला. "अजून एकबी न्हाय. म्हनून तर."

गाडी आली. चढायच्या आधी त्यानं माझ्याकडनं वळकटी घेऊन खाली ठेवली, मी बांधलेली गाठ सोडली, आणि स्वतः परत बांधली. मग कोटाच्या आतल्या खिशातनं ती तोडलेली कडी काढून माझ्या हातात दिली. गाडी गेली.

नवा मिस्त्री आला तो त्या लहान हातोडीनं कोळसा फोडायचा. चार दिवस बघितलं आणि हातोडी मी काढून घेतली. रोज सकाळी कड्या मी वाजवायला लागलो. आठ दिवसांनी एकदा तेल-शेंदूर लावून पुसूनही बघायचो. लोक म्हणायचे, काय रं, मिस्त्रीचा वारा लागला का? मी म्हणायचो, न्हाय, माजी पूजा हाय. सोन्याच्या दगडावर मी कधी गेलो नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, मला हौस न्हाय.

आज हे लिहिलं. तेल मी घातलं. वर मी चढलो होतो. त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्याला वाचून दाखवलं असतं तर म्हणाला असता, कशावरनं?

कडी देव्हाऱ्यात ठेवलीय, देवांच्या शेजारी. नातसून म्हणते, आजोबा, गंजलीया, फेकून द्या. लाल रेघ अजून तशीच आहे. रोज सकाळी आंघोळ झाली की मी ती उन्हाला धरून बघतो. ती म्हणते, रोज काय बघता, काल होतीच की.

काल होती म्हणजे काल होती.